जमिनीवर आखलेला तिसरा मजला

माझी सगळी नोकरी अस्तित्वात नसलेली घरं विकण्यात गेली. ऐकणाऱ्याला हा फसवाफसवीचा धंदा वाटतो, म्हणून आधीच सांगते की त्यातली बहुतेक घरं पुढे उभी राहिली आणि आज त्यांत माणसं नांदतात. पण गिऱ्हाईक माझ्याकडे यायचं तेव्हा जागेवर पत्र्याचं कुंपण, एक बोअर, थोडी खुरटी बाभळ आणि खुर्चीत बसलेली मी, एवढंच असायचं. बुकिंग ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली. आत टेबलावर काचेच्या पेटीत इमारतीची प्रतिकृती, तिच्याभोवती हिरव्या स्पंजची झाडं आणि नखाएवढ्या मोटारी. माणसं त्या पेटीवर वाकून आपलं आयुष्य शोधायची.

सुरुवातीची काही वर्षं मी सांगलीत होते, नंतर साताऱ्यात आले. दोन्हीकडची गिऱ्हाइकं वेगळी. सांगलीचा माणूस स्वयंपाकघर किती मोठं हे नंतर विचारतो, आधी विचारतो पुराचं पाणी कुठवर येतं. तिथले एक निवृत्त पोस्टमास्तर मला चांगले आठवतात. त्यांनी आमचं माहितीपत्रक हातातही घेतलं नाही. गल्लीतल्या प्रत्येक दुकानात जाऊन पाणी कुठपर्यंत आलं होतं ते विचारलं, आणि मग येऊन म्हणाले, “मॅडम, गिरणीच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं होतं. तुमचं पार्किंग त्या पायरीच्या वर की खाली?” आमच्या इंजिनिअरनी मापं घेतली तेव्हा ते थोडं वर निघालं. त्यांनी घर घेतलं. पुढे दर पावसाळ्यात त्यांचा फोन यायचा. पाणी आलं नाही, एवढं सांगून फोन ठेवायचे.

साताऱ्यात फौजी घरं जास्त. नवरा सीमेवर, बायको गावाकडे, आणि मुलांच्या शाळेसाठी साताऱ्यात दोन खोल्या हव्यात. अशा माणसाला तयार घर परवडत नाही. न बांधलेलं घर स्वस्त पडतं आणि पैसे टप्प्याटप्प्यानं द्यायचे असतात. पाया झाला की काही, प्रत्येक स्लॅब पडला की काही. बदल्यात गिऱ्हाईक एकच गोष्ट देतं, ती म्हणजे विश्वास. आणि तो ठेवायचा कशावर, तर कागदावरच्या रेघांवर आणि नमुना म्हणून सजवलेल्या घरावर. त्या नमुन्याच्या घरात पलंग मुद्दाम वीतभर आखूड करून घेतलेला असतो आणि चौकटींना दारं नसतात, म्हणजे खोली मोठी वाटते. खरं माप कळावं म्हणून मी गिऱ्हाइकाला घरची चटई आणून पसरायला सांगायची. आमच्या मालकांना, थोरल्या शेठना, ते आवडत नसे.

या धंद्यात प्रत्येक गिऱ्हाईक शेवटी एक प्रश्न विचारतंच: “तुमचं स्वतःचं माणूस असतं तर तुम्ही घ्यायला सांगितलं असतं का?” याचं ठरलेलं उत्तर आहे. “अहो, मी स्वतःच इथं घेतलाय.” त्या हिशेबानं माझ्या बरोबरीच्या बायकांचे साताऱ्यातल्या प्रत्येक इमारतीत एकेक फ्लॅट असायला हवेत. मी हे उत्तर कधी दिलं नाही, पण प्रश्न टाळायला मात्र शिकले होते. एका बाईसमोर मला तो टाळता आला नाही. आज लिहायला बसले ती तिच्यासाठीच.

शोभा माण तालुक्यातली. दहिवडीच्या पुढे त्यांचं गाव. नवरा महादेव फौजेत हवालदार, घरी कोरडवाहू रान आणि सासूच्या मेंढ्या. एकुलती मुलगी ऋतुजा तेव्हा सातवीत होती. गावात सातवीपर्यंतच शाळा. पुढे मुलीनं साताऱ्यात शिकायचं, आणि तिच्याबरोबर आपण राहायचं, असं शोभानं मनाशी पक्कं केलं होतं. ती सासूला घेऊन एसटीनं आली. सासू धिप्पाड, हातात काठी, डोईवर पदर.

मी काचेच्या पेटीतला तिसरा मजला दाखवला. शोभानं पाहिलं आणि सरळ बाहेर गेली.

“हे बावल्यांचं झालं मॅडम. आमचं कुठं असणार?”

मी हात वर करून हवेतली जागा दाखवली. दोघी मान वर करून बघत राहिल्या. तिथे एक घार फिरत होती.

“आवं, तिथं घार हाय,” सासू म्हणाली.

मला हसू आलं, पण शोभा हसली नाही. ती म्हणाली, “मला हिंडून बघाया पायजे. न्हाईतर मी काय सांगू त्यास्नी?”

म्हणून मी मुकादमाला सांगून मोकळ्या जागेवर तिसऱ्या मजल्याचं घर चुन्याच्या फक्कीनं आखून घेतलं. दोरी लावून, खऱ्या मापाचं. जिथे दार तिथे फट ठेवली. ही गोष्ट विकणारा कधी करत नाही, कारण उघड्या रानात आखलेली खोली फार लहान दिसते. वर आभाळ असतं ना. भिंती चढल्या, गिलावा झाला की तीच खोली मोठी वाटायला लागते. मी त्यांना आधीच बजावलं, तरी सासूचा चेहरा उतरलाच.

“एवढ्यात ऱ्हायचं? आमचा मेंढवाडा मोठा हाय ह्याच्यापरीस.”

शोभा मात्र फटीतून आत गेली. रेघ ओलांडायची नाही, असं जणू ठरवूनच. स्वयंपाकघरात उभी राहिली, हात लांब करून ओटा कुठवर येतो ते बघितलं. मग आतल्या खोलीत जाऊन खाली बसली आणि म्हणाली, “हितं ऋतूचं टेबल.” सासूनं जिना कुठला ते विचारलं, आणि मग जे विचारलं ते आजवर मला कुठल्याच गिऱ्हाइकानं विचारलं नव्हतं.

“माणूस गेलं तर तिरडी ह्या जिन्यानं खाली येती का? का उभी करून आणत्यात?”

 मुकादमानं जिन्याचं वळण जमिनीवर आखलं आणि दोन गवंड्यांनी एक लांब फळी खांद्यावर घेऊन ती वळवून दाखवली. एकदा नाही बसली. दुसऱ्यांदा जरा मागे सरून वळवली तेव्हा बसली.

“येती,” सासू म्हणाली आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलली नाही.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. पण त्याच सुमारास मला ऑफिसात काहीतरी बिघडल्याचं जाणवायला लागलं होतं. आमचे मालक दोघं चुलतभाऊ. पैसा आणि धावपळ थोरल्या शेठची, जमीन धाकट्यांची. माझ्या खोलीला लागून त्यांच्या पत्र्याच्याच दोन केबिनी होत्या, पण एरवी दोघांचा चहा एकाच केबिनमध्ये जायचा. आता ट्रे दोन झाले होते. धाकट्यांना इमारतीवर आणखी मजले चढवायचे होते, थोरले तयार नव्हते. दार लावून बोलणं व्हायचं आणि आवाज बाहेर यायचा. कुणी मला काही सांगितलं नव्हतं, पण पत्र्याच्या भिंतीत काय लपतं? आणि एक दिवस थोरले शेठ मला म्हणाले, “माने मॅडम, दसऱ्याच्या आत राहिलेले सगळे फ्लॅट गेले पाहिजेत. तिसरा मजला कऱ्हाडचे डॉक्टर मागतायत. तुमच्या त्या माणच्या बाईंना सोमवारपर्यंत सांगा, नाहीतर डॉक्टरांना देतोय.”

मी शोभाला फोन केला. तिचा आवाज एकदम बारीक झाला. महादेव वरच्या चौकीवर होता आणि तिथे फोन लागत नव्हता. बरेच दिवस झाले होते. घरातले पैसे, त्याच्या नोकरीची जमा, वरून बँकेचं कर्ज, आणि हे सगळं त्याला न विचारता. भावकीतले लोक म्हणत होते, बाईमाणसानं परस्पर असं करू नये. सासू काहीच म्हणत नव्हती, आणि शोभाला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

सोमवारी दोघी सकाळीच आल्या. शोभा फोन हातात घट्ट धरून बसली होती. दर थोड्या वेळानं लावून बघायची. तेच रेकॉर्डवरचं उत्तर. बाहेर थोरल्या शेठची गाडी येऊन उभी राहिली. दुपारी डॉक्टर येणार होते. शोभानं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं.

“ताई, एक इचारू? तुमची धाकली भन असती तर तुमी तिला घ्याया लावलं असतं का?”

माझी खरोखरच एक धाकटी बहीण आहे, मिरजेला असते. का कोण जाणे, तिचाच चेहरा समोर आला. शेजारच्या केबिनचं दार अर्धवट उघडं होतं. मी उठून ते लावलं आणि परत येऊन बसले.

“वहिनी, कागद सगळे बरोबर आहेत,” मी म्हटलं. “नोंदणी आहे, मंजुरी आहे, जमिनीवर कुणाचा दावा नाही. ते मी स्वतः बघितलंय. पण मालक दोघं आहेत आणि सध्या त्यांचं पटत नाही. काम मधेच थांबू शकतं. थांबेलच असं नाही, पण थांबू शकतं. बहीण असती तर तिला एवढं सांगितलं असतं. मग घ्यायचं की नाही ते तिनं ठरवायचं.”

शोभाचा रंग उडाला. मला वाटलं, आता या उठणार, आणि संध्याकाळपर्यंत माझी नोकरीही जाणार. पण पहिल्यांदा बोलली ती सासू.

“काम थांबलं तर जमीन पळून जाती का?”

“जमीन नाही जात आजी. पण तुमची वर्षं जातील.”

म्हातारी काठीवर हनुवटी टेकून बसली. म्हणाली, “आमी धूळवाफंत पेरणारी माणसं. पाऊस यायच्या आदी बी मातीत जातं आमचं. पाऊस आल्यावर पेरू म्हणलं तर सालच जातं. कवा उगवतं, कवा न्हाई. पर पेरल्याबिगर तर कवाच न्हाई.” मग सुनेकडे न बघता म्हणाली, “मी हां म्हणत न्हाई, न्हाईबी म्हणत न्हाई. लेकरू तुझं हाय.”

तेवढ्यात फोन वाजला. महादेवच होता. आवाज तुटत होता, म्हणून शोभानं स्पीकर लावला आणि भरभर सगळं सांगितलं. मालकांच्या भांडणाचंही. पलीकडून वारा ऐकू येत होता.

“तू बघितलंस न्हवं हिंडून?” तो म्हणाला.

“बघितलं.”

“मग मी हितनं काय सांगू? तुला जसं वाटंल...” आणि फोन गेला. पुन्हा लागला नाही.

शोभा उठून बाहेर गेली. आखलेल्या घराची फक्की एव्हाना वाऱ्यानं अर्धी उडाली होती. ती तिथे उभी राहिली. मी खिडकीतून बघत होते, सासू बघत नव्हती. आत आली तेव्हा तिचा चेहरा घट्ट झाला होता.

“घेतो ताई. पर दोन्ही मालकांनी माझ्या म्होरं सही कराया पायजे. एकट्याची चालणार न्हाई.”

तिनं हे कुणाला विचारून ठरवलं नव्हतं. ज्यांचं पटत नाही त्यांची दोघांचीही सही हवी, इतका तो साधा विचार होता. पण त्या आठवड्यात ही गोष्ट किती अवघड होती, ते मलाच ठाऊक. करारात जमीनमालक म्हणून धाकट्या शेठचं नाव होतं, पण ते आपला माणूस पाठवून भागवायचे. मी एका केबिनमधून दुसऱ्या केबिनमध्ये फेऱ्या मारल्या. थोरले म्हणाले, “डॉक्टर बिनबोभाट घेतायत, मी कशाला त्याच्या पाया पडू?” धाकटे म्हणाले, “त्याला गरज आहे ना, त्यानं येऊन सांगावं.” मी शेवटी थोरल्यांना म्हटलं, फौजीच्या बायकोला आपण सहीसाठी परत पाठवलं हे साताऱ्यात पसरलं तर पुढच्या गिऱ्हाइकाला मी काय तोंड दाखवू? तेव्हा त्यांनी डॉक्टरांना नकार कळवला आणि धाकट्यांना नोंदणीचा दिवस सांगण्याचं काम माझ्यावर टाकलं.

नोंदणीच्या दिवशी कचेरीत थोरले वेळेवर आले आणि एका बाकावर बसले. धाकट्यांचा पत्ता नव्हता. आमचा नंबर येऊन गेला. कारकुनानं दुसऱ्यांदा पुकारलं, मी हात जोडून थोडं थांबायला सांगितलं.  शोभानं पिशवीतून डबा काढला आणि झाकण न उघडता परत ठेवला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिनं सकाळपासून काही खाल्लेलं नाही. कचेरी बंद व्हायला आली तेव्हा धाकटे शेठ आले. भावाकडे न बघता अंगठा दिला, सही केली आणि गेले. शोभानं त्या दिवशी मला पेढा दिला. तो गोड लागला असं मी म्हणणार नाही.

दुसरा स्लॅब पडला आणि काम थांबलं. आधी मजूर कमी झाले, मग मिक्सर गेला, मग थोरले शेठ ऑफिसला यायचे बंद झाले. पत्र्याच्या खोलीत उरले मी. माणसं यायची ती माझ्यावरच तुटून पडायची. एका निवृत्त शाळामास्तरांनी काचेची पेटी टेबलावरून ढकलून दिली. ते मला मारतील असं वाटलं, पण ते खाली बसून रडायला लागले. मला पगार अर्धाच मिळत होता. घरचे म्हणत होते, सोड. मी सोडलं नाही, त्यात मोठेपणा नव्हता. मीही गेले असते तर त्या लोकांना दार ठोठावायलासुद्धा कुणी उरलं नसतं.

ऋतुजा आठवीला साताऱ्यात आली, पण वसतिगृहात. शोभा दर सोमवारी गावाहून एसटीनं यायची, मुलीला डबा द्यायची आणि मग माझ्याकडे. बाहेरून इमारतीला एक फेरी घालायची. स्लॅबवर पाणी साचलेलं, वर निघालेल्या सळया तांबड्या पडलेल्या. तिचा तिसरा मजला अजून हवेतच होता. एकदा तिनं सांगितलं, “वसतिगृहाच्या गच्चीवरनं हे दिसतं ताई. ऋतू म्हणती, आई, मी आता गच्चीवर कपडं वाळत घालाया जात न्हाई.”



पण ती नुसती येऊन जाणारी बाई नव्हती. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाशी ती बोलायची, नंबर घ्यायची. बहुतेक फौजींच्या बायका, दोन-चार मास्तर, एक पाचगणीच्या शाळेतला स्वयंपाकी. त्या सगळ्यांनी मिळून घरबांधणीच्या सरकारी प्राधिकरणाकडे तक्रार केली. तिथून सलोख्याची बैठक ठरली. आणि तिथे शोभाच्या त्या हट्टाचा उपयोग झाला. धाकट्या शेठच्या वकिलानं म्हटलं, आमच्या अशिलाचा विक्रीशी संबंध नाही, ते फक्त जागेचे मालक. तेव्हा तिनं फक्त एवढंच विचारलं, “दादा, त्या दिवशी कचेरीत माझ्या शेजारी बसून अंगठा दिला त्यो तुमचाच न्हवं?” धाकटे शेठ खाली बघत राहिले.

महादेव तेव्हा रजेवर आला होता. तो तिच्या मागे उभा होता. मध्यस्थांनी विचारलं, पैसे व्याजासह परत हवेत का? काही जणांना हवे होते. शोभा म्हणाली, “पैसं घिऊन आता कुठं मिळणार घर? आमी घर मागाया आलोय. ह्या दोघांनी एकमेकांशी बोलू नाय, आमचं काय म्हणणं न्हाई. पर काम चालू करा.” दोघे भाऊ एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले होते. धाकट्यांनी वाढीव मजल्यांचा हट्ट सोडला. का सोडला ते मला आजही नक्की माहीत नाही. वकिलांना कंटाळले असतील, किंवा थोडी लाजही वाटली असेल.

काम सुरू झालं, तरी पुढे बराच काळ गेला. एकदा बंद पडलेली इमारत पुन्हा उभी करणं नव्यापेक्षा किचकट. गंजलेल्या सळया घासायच्या, स्लॅबची तपासणी करायची, पांगलेली माणसं गोळा करायची. तोवर ऋतुजाची दहावी झाली, बारावीही झाली. ज्या दिवशी शोभाच्या हातात चाव्या पडल्या, त्याच्या आधीच मुलीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता.

वास्तुशांतीला मला बोलावणं होतं. मी तेव्हा नोकरीतून निवृत्त झाले होते, म्हणून त्या इमारतीत पहिल्यांदाच पाहुणी म्हणून गेले. महादेव निवृत्त होऊन आला होता आणि त्याला अजून कुठलं बटण कुठल्या दिव्याचं ते कळत नव्हतं. म्हातारी गॅलरीत बसून खालच्या लोकांवर नजर ठेवून होती. शोभा मात्र त्या घरात अशी वावरत होती, जणू तिथे जन्म काढलाय.

ऋतुजा दुपारी पुण्याहून आली. उंच, चष्मा लावलेली, शहराची सवय झालेली मुलगी. तिनं आजीला नमस्कार केला, सगळीकडे हसून बघितलं आणि खांद्यावरची बॅग दाराजवळ भिंतीला टेकवून ठेवली, पाहुणे ठेवतात तशी. शोभा तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. खिडकीजवळ टेबल होतं, खुर्ची होती, दिवा होता. सगळं कोरं.

“छान आहे गं आई,” मुलगी म्हणाली. “पण मी सोमवारी जाणार.”

“ठावं हाय,” शोभा म्हणाली.

पंगत उठली, लोक पांगले. मी निघताना शोभाला शोधत आत गेले. तिनं दाराजवळची बॅग उचलून आणली होती आणि मुलीचे कपडे एकेक काढून, घड्या मोडून पुन्हा नीट घालून, कपाटात लावत होती. सोमवारी ते सगळे परत भरायचे होते. ऋतुजा पलंगावर बसून बघत होती.  मग उठली आणि बॅगेतलं उरलेलं सामान काढून आईच्या हातात द्यायला लागली.